डीव्हीडी प्लेअर घेताना आधी कपाटातल्या डिस्क पाहा

नवा चित्रपट पाहण्यासाठी आज कोणी डीव्हीडी प्लेअर विकत घेत नाही. तरीही जळगाव-धुळ्याच्या दुकानांत या यंत्राची चौकशी अजून होते, आणि चौकशी करणारा गिऱ्हाईक बहुधा एकाच कारणाने आलेला असतो: घरातले जुने यंत्र बंद पडलेले असते आणि डिस्क मात्र कपाटात तशाच असतात. त्यांत लग्नाची डीव्हीडी असते, जाऊळ आणि वास्तुशांतीच्या सीडी असतात, अहिराणी गाण्यांच्या आणि खानदेशी कॉमेडीच्या व्हीसीडी असतात, शेजारच्या मालेगावात तयार झालेला एखादा विनोदी चित्रपट असतो, कानबाईची गाणी आणि कीर्तने असतात. शिवाय 2007 च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा हौसेने घेतलेले हिंदी चित्रपटही असतात. यातले चित्रपट कुठे ना कुठे सापडतील. काकांचे लग्न सापडणार नाही.

त्यामुळे घरगुती वापराचा प्लेअर निवडताना चित्र कोणाचे सरस, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर जातो. आपल्याकडची डिस्क, ती आज ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत, कोणते यंत्र शेवटपर्यंत वाचते, हा पहिला प्रश्न आहे. खोक्यावर 1080p, डॉल्बी, यूएसबी अशी अक्षरे ठळक छापलेली असतात आणि या पहिल्या प्रश्नाचे उत्तर खोक्यावर कुठेच नसते. ते डिस्क घालूनच मिळवावे लागते.

आमच्या जळगावच्या घरी तीन प्रकारची यंत्रे त्याच त्या डिस्कवर चालवून पाहिली, त्यावर हे परीक्षण आधारले आहे. पहिले यंत्र नामांकित कंपनीचे, आकाराने लहान, एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरने टीव्हीला देणारी जोडणी) नसलेले, मागे फक्त पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची सोय असलेले. दुसरे तशाच नामांकित कंपनीचे, पण एचडीएमआय आणि 1080p अपस्केलिंगसह, म्हणजे चित्र फुल एचडी आकारात मोठे करून देणारे. तिसरे दिल्लीकडून येणाऱ्या, दरवर्षी नाव बदलणाऱ्या जुळणीच्या मालातले, समोर चमचमता डिस्प्ले आणि माइकची दोन छिद्रे असलेले. मॉडेलची नावे मुद्दाम देत नाही. सोनी, एलजी, फिलिप्स, सॅमसंग यांचे प्लेअर एके काळी प्रत्येक दुकानात रचून ठेवलेले असत. आता जे मिळते ते बरेचसे पडून राहिलेला माल किंवा ऑनलाइन उरलेला साठा असतो. आज सांगितलेले मॉडेल पुढच्या महिन्यात मिळेलच असे नाही, पण प्रकार तेच राहतील.

आधी डिस्कची वर्गवारी करावी, कारण दिसायला सगळ्या सारख्याच, 12 सेंटिमीटर व्यासाच्या असल्या तरी यंत्राच्या दृष्टीने त्या वेगळ्या वस्तू आहेत. व्हीसीडी ही मुळात सीडीच आहे: त्यात सुमारे 74 मिनिटांचे चित्रण बसते, म्हणूनच चित्रपट दोन किंवा तीन डिस्कमध्ये येई. तिच्यातले चित्र 352 बाय 288 बिंदूंचे असते. डीव्हीडीच्या एका थरात 4.7 जीबी, दोन थरांत 8.5 जीबी मावते आणि चित्र आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत 720 बाय 576 बिंदूंचे असते. सीडी वाचायला 780 नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला 650 नॅनोमीटरचा. प्लेअरच्या लेन्समध्ये हे दोन्ही बसवलेले असतात आणि त्यातला एकच निकामी होऊ शकतो. एखाद्या घरी डीव्हीडी व्यवस्थित चालते आणि व्हीसीडी घातली की ‘नो डिस्क’ येते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते, आणि लोक मात्र बिचाऱ्या व्हीसीडी फेकून देतात.

तिसरी वर्गवारी याहून महत्त्वाची आहे. कंपनीने कारखान्यात छापलेली डिस्क आणि फोटो स्टुडिओने संगणकावर ‘राइट’ करून दिलेली डिस्क यांत मोठा फरक आहे. छापील डिस्कमध्ये खळगे प्लास्टिकमध्येच दाबून उमटवलेले असतात. राइट केलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरने तो जाळून खुणा केलेल्या असतात आणि ऊन, उष्णता व वर्षे यांनी तो रंग हळूहळू उतरतो. अशी डिस्क नवी असतानाही छापील डिस्कपेक्षा कमी प्रकाश परावर्तित करते, म्हणजे जुन्या किंवा अशक्त लेन्सला ती आधीपासूनच अवघड जाते. पत्र्याच्या घरातल्या माळ्यावर, ट्रंकेत, मे महिन्यातल्या खानदेशी उन्हात पंधरा-वीस वर्षे काढलेली लग्नाची डीव्हीडी ही म्हणूनच कोणत्याही प्लेअरची सर्वांत कठीण परीक्षा आहे.

त्यात स्टुडिओवाल्यांच्या हौसेची भर. त्या काळात लग्नाच्या डिस्कवर नवरा-नवरीचा फोटो छापलेला गोल कागद चिकटवून देण्याची पद्धत होती. कागद जरासा जरी बाजूला चिकटला तरी फिरताना डिस्कचा तोल जातो, आणि पुढे उष्णतेने कडा उचलली की ती यंत्राच्या आत घासते. आमच्याकडच्या एका डिस्कवर नवरीच्या मुंडावळ्यांजवळ कागदाला फुगा आला आहे. ती घातली की तिसऱ्या क्रमांकाचे यंत्र थेट घरघरू लागते. असा कागद ओढून काढण्याचा मोह टाळावा. निदान सीडी आणि व्हीसीडीच्या बाबतीत तर नक्कीच, कारण सीडीचा माहितीचा थर वरच्या छापील बाजूला, पातळ लाखेच्या लेपाखालीच असतो आणि कागदाबरोबर तोही निघून येतो. डीव्हीडी 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून केलेली असल्याने तिची माहिती मधोमध सुरक्षित असते, पण तिथेही ओढताण झाली की चकत्या सुटण्याची भीती आहे.

डिस्क आतून बाहेर, म्हणजे मधल्या छिद्राकडून कडेकडे वाचली जाते. कडेलाच बोटांचे ठसे जास्त, कडेलाच वाक जास्त आणि राइट करताना झालेल्या चुकाही बहुधा कडेलाच. लग्नाच्या डीव्हीडीत हळद आणि मांडव आतल्या बाजूला येतात आणि पाठवणी अगदी कडेला. घरोघरी ‘पाठवणीला अडकते’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा उगम इथे आहे. स्टुडिओने 4.7 जीबीच्या डिस्कमध्ये साडेतीन-चार तासांचे चित्रण कोंबलेले असते, त्यामुळे ती अगदी काठापर्यंत भरलेली असते. दुकानात यंत्र पाहताना डिस्क सुरू झाली, गणपतीचे चित्र आणि सनईचे सूर आले, म्हणून समाधान मानू नये. रिमोटवरून सरळ शेवटच्या दहा मिनिटांवर उडी मारावी.

या परीक्षेत पहिले यंत्र, म्हणजे एचडीएमआय नसलेला नामांकित कंपनीचा लहान प्लेअर, सर्वांत सरस ठरला. जुन्या राइट केलेल्या डिस्कवर तो थोडा थांबतो, आत लेन्स पुढे-मागे सरकल्याचा आवाज येतो, पण मग मार्ग काढतो. खरवडलेल्या जागी चित्राचे चौकोन होतात आणि काही क्षणांत ते सावरते. दुसरे यंत्र छापील डिस्कवर निर्दोष, राइट केलेल्यांवर थोडे नाजूक: खराब जागा आली की ते गोठते आणि पुढच्या भागावर उडी मारल्याशिवाय हलत नाही. तिसऱ्याबद्दल माझी अपेक्षा कमी होती, आणि घरघर वगळता त्याने ती चुकीची ठरवली. काही व्हीसीडी, ज्या दुसऱ्या यंत्राने नाकारल्या, त्या त्याने विनातक्रार वाचल्या. गल्लीबोळात राइट झालेल्या, नियम धाब्यावर बसवलेल्या डिस्क चालवण्यासाठीच ही यंत्रे विकली जात होती आणि तो गुण त्यांच्यात उतरलेला दिसतो. मात्र याच जातीचे दुसरे यंत्र एका नातेवाइकाकडे तितके चांगले चालत नाही. जुळणीच्या मालात एका खोक्याचा अनुभव दुसऱ्या खोक्याला लागू होत नाही, हाच त्याचा मुख्य दोष आहे.

आता टीव्हीकडे वळू. जुना काचेचा टीव्ही असेल तर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना पुरेत आणि एचडीएमआयचा प्रश्नच उद्भवत नाही. नव्या एलईडी टीव्हीच्या मागे मात्र या तीन पिनांची जागा बहुधा दिसत नाही. तिथे इअरफोनसारखे एकच लहान छिद्र असते, शेजारी ‘एव्ही इन’ लिहिलेले, आणि त्यासाठी एका टोकाला 3.5 मिलिमीटरची पिन व दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या सॉकेट असलेली जोडवायर लागते. ही वायर टीव्हीच्या खोक्यात आली असेल तर तीच वापरावी, कारण त्या एका पिनेवर चित्र आणि आवाज यांचा क्रम सगळ्या कंपन्या सारखा ठेवत नाहीत. बाजारातली वायर लावल्यावर चित्राऐवजी गुणगुण ऐकू आली, तर यंत्र परत करण्याआधी पिवळी पिन लाल किंवा पांढऱ्या सॉकेटमध्ये घालून पाहावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते. काही अलीकडच्या टीव्हींत तेही छिद्र काढून टाकलेले आहे. अशा घरी एचडीएमआय असलेला प्लेअरच घ्यावा लागतो. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी टीव्हीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून न्यावा. दुकानदाराला तोंडी वर्णन करण्यापेक्षा ते बरे.

एचडीएमआयच्या यंत्राने चित्र खरोखर सुधारते का? सुधारते, पण जाहिरातीत म्हणतात तितके नाही. फुल एचडी पडद्यावर 20 लाखांहून अधिक बिंदू असतात, डीव्हीडीच्या चित्रात सुमारे 4 लाख 15 हजार आणि व्हीसीडीच्या चित्रात लाखभर. म्हणजे डीव्हीडीचा एक बिंदू पाच बिंदूंवर आणि व्हीसीडीचा एक बिंदू वीस बिंदूंवर पसरवावा लागतो. अपस्केलिंग म्हणजे हा पसरवण्याचा हिशेब. डिस्कमध्ये नसलेला तपशील त्यातून निर्माण होत नाही. हा हिशेब प्लेअरने केला नाही तर टीव्ही करतोच. छापील चित्रपटाच्या डीव्हीडीवर दुसऱ्या यंत्राचे चित्र अधिक स्वच्छ आले, अक्षरांच्या कडा रेखीव झाल्या आणि पिवळ्या पिनेतून लाल रंग जो पसरतो तो प्रकार बंद झाला. लग्नाच्या डीव्हीडीवर फरक थोडा, आणि अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडीवर जवळजवळ शून्य: शेतात नाचणाऱ्या जोडप्याच्या मागची केळीची बाग तिन्ही यंत्रांवर हिरव्या चौकोनांचीच बाग राहिली.

उलट एक गोष्ट एचडीएमआयवर अधिक बिघडलेली दिसली. लग्नाचे चित्रण एकाआड एक रेषांच्या पद्धतीने झालेले असते. प्लेअरला त्या रेषा नीट एकत्र करता आल्या नाहीत तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना फणीसारखे दाते दिसतात. यावर उपाय यंत्राच्या सेटिंगमध्येच आहे: एचडीएमआयचे रिझोल्यूशन 1080p वरून खाली, 576p किंवा असल्यास 576i वर आणून पाहावे. 576i वर रेषा जोडण्याचे काम टीव्हीकडे जाते आणि चांगल्या टीव्हीला ते काम स्वस्त प्लेअरपेक्षा अधिक चांगले जमते. म्हणजे 1080p साठी जास्तीचे पैसे मोजून घेतलेले यंत्र लग्न पाहताना 576 वर ठेवलेले बरे, अशी गंमत आहे.

चित्राच्या आकाराचेही सेटिंग पाहावे. जुने चित्रण 4:3 प्रमाणातले आहे आणि आजचा पडदा 16:9 आहे. टीव्हीने ते ताणून भरले की नवरीपासून भटजींपर्यंत सगळे आडवे सुटलेले दिसतात, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक घरांत ते तसेच पाहिले जाते. टीव्हीचे ‘पिक्चर साइझ’ 4:3 वर आणले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि माणसे माणसांसारखी दिसू लागतात. पट्टे आले म्हणजे टीव्ही बिघडला, अशी समजूत घरातल्यांची आधी काढावी लागते.

प्रदेश-संकेताचा विषय सगळ्यांना लागू नाही, पण ज्यांची मुले किंवा भाऊबंद परदेशी आहेत त्यांनी तो लक्षात ठेवावा. डीव्हीडीच्या जगाच्या विभागणीत भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका आणि कॅनडा पहिल्या, युरोप व जपान दुसऱ्या. तिकडे विकत घेतलेल्या चित्रपटाची डिस्क इथल्या प्लेअरवर नियमाप्रमाणे चालणार नाही. जुळणीच्या यंत्रांत हे बंधन बहुधा नसते, नामांकितांत असू शकते. घरगुती चित्रणाच्या डिस्कवर मात्र असा संकेत सहसा नसतो. तिथे फार तर अमेरिकी एनटीएससी पद्धतीचा प्रश्न येतो, आणि आमच्याकडच्या तिन्ही यंत्रांनी तशी डिस्क चालवली.

यूएसबीच्या छिद्राबद्दल दुकानदार जे सांगतात त्यावर सर्वांत कमी विश्वास ठेवावा. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये घालून डीव्हीडी प्लेअरला लावला की तो बहुधा चालत नाही, कारण या यंत्रांतली चिप जुन्या पद्धतीचे एमपेग, डिव्हएक्स, एक्सव्हिड असे व्हिडिओ, एमपी3 गाणी आणि जेपेग फोटो यांच्यासाठी आहे. आजच्या मोबाइलचे एचडी चित्रण तिच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय पेनड्राइव्ह एफएटी32 पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो आणि त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. टीव्हीला स्वतःचे यूएसबी असेल तर प्लेअरच्या यूएसबीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. अपवाद एकच: भजने आणि हरिपाठ एमपी3 स्वरूपात भरलेला पेनड्राइव्ह लावून ठेवण्यासाठी, टीव्ही बंद ठेवून नुसत्या स्पीकरवर, पहिले यंत्र फार उपयोगी पडते.

आवाजाबद्दल थोडक्यात. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर तिन्ही यंत्रे सारखी. घरात जुना 5.1 अ‍ॅम्प्लिफायर असेल तर त्याच्या सहा पिनांसाठी बाहेर जागा असलेले यंत्र हल्ली नामांकितांत मिळणे कठीण आहे. जुळणीच्या मालात ते सर्रास मिळे. माइकची छिद्रेही तिथेच. डीटीएस आवाजाची काही डिस्क चित्र दाखवते पण आवाज देत नाही, तेव्हा डिस्कच्या मेनूत जाऊन डॉल्बीचा पर्याय निवडावा.

खानदेशात ज्या कारणाने ही यंत्रे मरतात ते चित्र किंवा आवाज यांपैकी नाही. उष्णता, धूळ आणि वीज ही तीन कारणे आहेत. अनेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत यंत्र 5 ते 35 अंश तापमानात वापरावे असे छापलेले असते. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर जातो आणि रात्री दहाला देखील बंद खोलीत 35 च्या खाली येत नाही. म्हणजे पुस्तिकेचे अक्षरशः पालन करायचे तर उन्हाळाभर प्लेअर बांधून ठेवावा लागेल. व्यवहारात एवढे करता येते की तो सेटटॉप बॉक्सवर किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवू नये, वर विणलेला रुमाल घालू नये आणि दुपारी सलग दोन चित्रपट लावू नयेत. रुमालाबद्दल घरात वाद होतो. धुळीसाठी वापर नसताना झाकावे, चालू असताना काढावे, हा तोडगा.

विजेच्या बाबतीत नामांकित यंत्रे उजवी आहेत. त्यांचा पॉवर सप्लाय 110 ते 240 व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू असताना गावात दाब उतरला तरी प्लेअर बंद पडत नाही, टीव्ही आधी कुरकुरतो. यंत्र मोजून 10-15 वॉट खाते, म्हणून इन्व्हर्टरवर खुशाल चालवावे. खरा धोका गेलेली वीज परत येते त्या क्षणाच्या झटक्याचा आहे. वीज गेली की बटण बंद करण्याची सवय किंवा एक साधा स्पाइक गार्ड, यांपैकी काहीतरी हवे. पहिल्या यंत्रात वीज गेल्यावरही नाटक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. तिसऱ्यात ते पुन्हा नांदीपासून पाहावे लागते.

दुरुस्तीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी आता मोबाइलचे राज्य आहे, डीव्हीडीला हात लावणारे कारागीर थोडे उरले आहेत आणि तालुक्याच्या गावी त्याहून थोडे. जे आहेत त्यांची पद्धत एकच असते: झाकण उघडायचे, कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स पुसायची, एक डिस्क घालून पाहायची आणि मग निदान सांगायचे. ‘लेन्स गयी भाऊ, बाकी मशीन चांगलं शे,’ हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते बहुधा खरे असते. जुळणीच्या यंत्रांत सान्योची एचडी 62 किंवा 65 या नावाने ओळखली जाणारी लेन्स सर्रास असे आणि ती अजूनही जुन्या यंत्रांतून काढून बसवता येते. नामांकित कंपनीच्या नव्या लहान प्लेअरमध्ये लेन्स, मोटर आणि ट्रे यांचा एकच संच असतो. तो मिळाला नाही तर यंत्र संपले. तिसऱ्या यंत्राच्या बाजूने बोलणारा हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि तो मी शेवटपर्यंत तोलून पाहिला.

रिमोटही पाहून घ्यावा. नामांकित कंपन्यांनी यंत्राच्या पुढच्या बाजूची बटणे कमी करत तीनवर आणली आहेत: ट्रे, प्ले, स्टॉप. रिमोट हरवला तर मेनूत बाण हलवता येत नाहीत आणि ज्या लग्नाच्या डिस्कला फुलांचा सजवलेला मेनू आहे ती सुरू करणेही अवघड होते. टीव्ही आणि एचडीएमआयचा प्लेअर एकाच कंपनीचे असतील तर टीव्हीच्या रिमोटवरून प्लेअर हलवण्याची सोय अनेकदा मिळते. वयस्कर माणसांच्या घरात ही सोय 1080p पेक्षा मोलाची आहे.

ब्ल्यू-रे प्लेअर घ्यावा का, असे काही जण विचारतात. डीव्हीडी तो वाचतो, चित्रही चांगले देतो, पण अनेक ब्ल्यू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतच नाहीत आणि खानदेशातल्या कपाटात निम्मा माल व्हीसीडीचा असतो. स्वतःचा छोटा पडदा आणि बॅटरी असलेला पोर्टेबल प्लेअर दिसायला आकर्षक आहे. आजारी माणसाच्या उशाशी ठेवायला ठीक, घराचे मुख्य यंत्र म्हणून नाही. लॅपटॉपला यूएसबीने जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह हा मात्र गंभीरपणे विचारात घेण्याजोगा पर्याय आहे, आणि तो प्लेअरच्या जागी नसून त्याच्या जोडीला आहे.

माझा निर्णय असा. टीव्हीला तीन पिनांची किंवा जोडवायरची सोय असेल आणि घरात मुख्यतः लग्नाच्या डिस्क व व्हीसीडी असतील, तर पहिल्या प्रकारचे यंत्र घ्यावे. ते सर्वांत स्वस्त नाही, पण अवघड डिस्कवर ते सर्वांत चिवट आहे. टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल किंवा छापील चित्रपटांचा संग्रह मोठा असेल, तर दुसरे घ्यावे. तिसरे यंत्र मी विकत घेण्याची शिफारस करणार नाही, पण घरात आधीच असेल आणि चालत असेल तर ते भंगारात देऊ नये: ज्या व्हीसीडी इतर कोणी वाचत नाही त्यांच्यासाठी ते ठेवावे. दुकानात जाताना सोबत तीन डिस्क न्याव्यात: सर्वांत जुनी लग्नाची, सर्वांत खरवडलेली व्हीसीडी आणि एक छापील. दुकानदार स्वतःची चकचकीत डिस्क लावून दाखवील. ती पाहावी, आणि मग आपली लावायला सांगावी. नाही म्हणत असेल तर दुसरे दुकान गाठावे. पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाईल हे बिलावर यंत्राच्या क्रमांकासह लिहून घ्यावे, आणि ट्रे दहा-बारा वेळा उघडून मिटून पाहावा, कारण खोक्यात वर्षानुवर्षे पडलेल्या यंत्राचा रबरी पट्टा ढिला झालेला असतो.

यंत्र घरी आल्यावर पहिल्याच रविवारी, जी डिस्क चालते आहे तिची नक्कल संगणकावर करून घ्यावी. डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये 1 जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइल्स असतात, व्हीसीडीत ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमध्ये डॅट फाइल; घरगुती डिस्कवर कुलूप नसल्याने त्या सरळ कॉपी होतात आणि व्हीएलसी प्लेअरवर चालतात. कॉपी करण्यापूर्वी डिस्क मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोल फिरवून नाही: मधून कडेकडे गेलेल्या ओरखड्याने तुटलेली माहिती यंत्र आजूबाजूच्या माहितीवरून भरून काढू शकते, पण माहितीच्या मार्गाबरोबर गेलेला लांब ओरखडा सलग तुकडाच खाऊन टाकतो. एखादी डिस्क शेवटी अडकली तर ती ड्राइव्ह बदलून पुन्हा लावावी; एकाने नाकारलेली फाइल दुसरा उचलतो. नक्कल दोन ठिकाणी ठेवावी, एक घरच्या हार्ड डिस्कवर आणि एक ज्यांचे लग्न आहे त्यांच्याकडे.